समुद्राची पैसेवारी

आमच्या शेजारचे नानाजी निखाडे यांनी समुद्र कधी पाहिलेला नाही. वयाच्या अडुसष्टाव्या वर्षापर्यंत त्यांनी पाहिलेलं सगळ्यात मोठं पाणी म्हणजे तोतलाडोहचं धरण, तेही एका लग्नाहून परतताना बसच्या खिडकीतून. तरीही अरबी समुद्रात जाणाऱ्या चाळीस होड्यांनी एका हंगामात किती पापलेट पकडायचं, हे मागच्या उन्हाळ्यात ठरवलं ते याच माणसानं. नागपुरात, मनीषनगरच्या आपल्या घरात, कूलरसमोर बनियनवर बसून. मी त्याची साक्षीदार आहे, आणि तशी माझी कागदावर सही आहे.

मी वैदेही. एकतीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला. भारताचा पश्चिम किनारा मी डोळे मिटून फळ्यावर काढू शकते, खंबातच्या आखातासकट. पण आम्ही महाल भागातली जुनी माणसं; मासा आमच्या घरात फक्त पुस्तकातल्या चित्रात यायचा. तेव्हा माशांच्या भानगडीत मी पडेन असं कुणी सांगितलं असतं, तर मी त्याला वर्गाबाहेर उभं केलं असतं.

नानाजी कृषी सहायक होते. चौतीस वर्षं त्यांनी विदर्भातली वावरं तुडवली. त्यांचं आवडतं काम पीक कापणीचं. गावात यंदा किती पिकलं हे सरकारला कळायचं असतं, पण सगळं गाव कापून कोण मोजणार? म्हणून चिठ्ठ्या टाकल्यासारखे आकडे काढून कुणाचं वावर ते ठरवायचं, त्या वावराच्या नैऋत्य कोपऱ्यापासून ठरलेली पावलं मोजत आत जायचं, दहा बाय पाच मीटरचा चौकोन दोरीनं आखायचा, त्यातलं पीक कापायचं आणि तिथल्या तिथं तोलायचं. अशा चौकोनांवरून अख्ख्या गावाचा अंदाज निघतो. चांगल्या सालाच्या मानानं यंदा रुपयातले किती पैसे पीक आलं, हा तो हिशेब, म्हणून त्याला पैसेवारी म्हणतात. पन्नास पैशांच्या खाली गेली की दुष्काळ. त्यामुळे या आकड्याकडे गावातल्या कास्तकारापासून वरच्या साहेबापर्यंत सगळे टक लावून बसलेले असतात.

एका साली नानाजींच्या गावाचा आकडा त्रेचाळीस निघाला. एका साहेबाला तो पन्नासच्या वर हवा होता. त्यानं चहा पाजला, खुर्ची दिली, मग आवाज चढवला. नानाजी म्हणाले, "सायेब, वावरानं त्रेचाळीस सांगितले. बदलाचं असन तर वावराले विचारा." पुढच्या महिन्यात त्यांची बदली थेट जंगलातल्या तालुक्यात झाली, जिथे एस.टी. दिवसातून एकदा यायची आणि पावसाळ्यात तीही यायची नाही. शामलाताई, त्यांच्या पत्नी, दीड वर्षाच्या लेकीला, अपेक्षाला, कडेवर घेऊन मागोमाग गेल्या. तीन वर्षं. ही कथा मी शामलाताईंकडून किमान चाळीस वेळा ऐकली आहे आणि दर वेळी त्या साहेबाचं टक्कल थोडं मोठं होतं.

पीक कापणीच्या कागदाचा एक नियम आहे. आकड्यात खाडाखोड केली तर शेजारी करणाऱ्यानं पूर्ण सही करायची, आणि दोन पंचांनी आपापली. चौतीस वर्षांत आपल्या एकाही कागदावर खाडाखोड नाही, हे नानाजी कुणालाही सांगत. दूधवाल्याला सांगत, गॅसवाल्याला सांगत. माझ्याकडे आलेल्या पाहुण्यांना तर भिंतीवरून हाक मारून सांगत. या एका गोष्टीवर त्यांनी म्हातारपण मांडून ठेवलं होतं. दुसरी इस्टेट म्हणजे दुखणारे दोन गुडघे.

तर ही अपेक्षा मोठी झाली, बँकेत लागली आणि बदली होऊन कोकणाच्या वरच्या अंगाला, करंजबंदर नावाच्या कोळीवाड्याच्या शाखेत गेली. तिथल्या मच्छीमार सोसायटीचे चेअरमन विश्वनाथ तांडेल तिच्याकडे येऊन बसत. त्यांचं एकच दुखणं. पापलेट कमी होत चाललं आहे, सोसायटीच्या चाळीस होड्यांनी आपणहून मर्यादा घालून घ्यावी, एवढ्यावर निम्मं गाव राजी होतं. पण मर्यादा किती? विश्वनाथनी आकडा सांगितला की विरोधातले म्हणत, ह्याला स्वतःच्या होडीचं भलं करायचं आहे. बाहेरच्या शास्त्रज्ञांनी सांगितला की म्हणत, ह्यांना आमच्या खाडीचं काय कळतं. तीन वर्षं नुसती भांडणं चालली होती.

अपेक्षानं एकदा सहज बापाची गोष्ट सांगितली. वावराला विचारा, जंगलातली बदली, सगळं. विश्वनाथ ताठ बसले. ज्याला होडी नाही, नातं नाही, मासळीचा धंदा नाही आणि जो साहेबाच्या बापाचंही ऐकत नाही, असा माणूस त्यांना हवाच होता. "तुझ्या बाबांना विचार," ते म्हणाले. "आमची सगळी माहिती देतो. ते सांगतील तो आकडा."

मार्चमध्ये अपेक्षाचा फोन आला तेव्हा मी नानाजींकडेच होते. नानाजींनी आधी नाही म्हटलं. मग पाच मिनिटांनी, कुणी विचारलेलं नसताना, म्हणाले, "पैले सांगा, रोजच्या मालाचं वजन ठेवतात का?"

शामलाताई माझ्याकडे बघून म्हणाल्या, "घ्या. लागले कामाले."

सोसायटीत रोज प्रत्येक होडीच्या पापलेटाचं वजन होऊन वहीत चढतं. पाच वर्षांच्या वह्यांचे फोटो आले. नानाजींनी मला नंबर वाचून दाखवायला बसवलं, कारण माझा आवाज वर्गात शेवटच्या बाकापर्यंत जायचा. त्यांनी चिठ्ठ्यांसारखे आकडे काढायचे जुने तक्ते काढले, कोणत्या होडीचा कोणता दिवस घ्यायचा ते त्यावरून ठरवलं. मध्येच थांबून त्यांनी मला विचारलं, "बाई, तुम्ही भूगोलवाल्या. अरबी समुद्राचा नैऋत्य कोपरा कुठं येते?"

"आफ्रिकेजवळ," मी म्हटलं.

"मंग पावलं मोजणं जमत नाई," ते गंभीरपणे म्हणाले आणि पुढच्या नंबरावर गेले.

एप्रिलभर हे चाललं. उत्तर सोपं आणि गोड निघालं. एका फेरीला होडीमागे पाच वर्षांपूर्वी साठ किलोच्या आसपास पापलेट मिळत होतं, गेल्या वर्षी सहासष्ट. म्हणजे दर्यात माल टिकून होता, उलट थोडा वाढला होता. नानाजींनी आपल्या रीतीनं त्याला पंच्याहत्तर पैसे दिले आणि कापणीच्या जुन्या कोऱ्या फॉर्मवर स्वच्छ अक्षरात आकडा लिहिला. होडीमागे हंगामाला दोन हजार किलो. त्यापुढे पापलेटाचं जाळं बंद.

करंजबंदरला आनंदीआनंद झाला. विरोधातले सुद्धा म्हणाले, बरा माणूस आहे हो नागपूरचा. कुणी लाडू वाटले म्हणे. आता माझा स्वभाव सांगते. सगळा वर्ग एकदम खूश दिसला की मी आधी फळ्यावरचं गणित तपासायची. पण इथे गप्प बसले, कारण मला माशांतलं काय कळत होतं?

मेअखेर होड्या किनाऱ्यावर ओढल्या जातात, पावसाळ्याचे दोन महिने मासेमारी बंद. म्हणून जूनच्या पहिल्या रविवारी सोसायटीची सर्वसाधारण सभा ठरली. आकडा तिथे मंजूर व्हायचा होता. नानाजी मजेत होते. इतक्या मजेत की नवतपातल्या, म्हणजे मेअखेरच्या नऊ कडक दिवसांतल्या, एका सकाळी, पारा सत्तेचाळीसकडे निघालेला असताना, ते भिंतीवरून डोकावले. "बाई, तुमची स्कूटी काढा न. ज्याची पैसेवारी केली तो मासा पाहून तर घेतो."

रविवारचं मटण आणि कधीमधी तलावातला रोहू, यापलीकडे त्यांच्या घरी गेलेलं नव्हतं. समुद्राचं पापलेट त्यांनी फक्त माझ्या तोंडून ऐकलं होतं, तेही नंबराच्या रूपात. मी ओढणी नाकाला घट्ट बांधली आणि निघाले. नागपुरात उन्हात प्रत्येक बाई तशीच दिसते, त्यामुळे मी कुठे निघाले ते गल्लीत कुणाला कळलं नाही.

मासळी बाजारात रेल्वेनं आलेले बर्फाचे डबे फुटत होते. सुभद्राबाईंचा ओटा मधोमध. साठी उलटलेली बाई, नाकात मोठी चमकी, आणि माझ्या शाळेतल्या मुख्याध्यापकांना शिकवणी देता येईल असा आवाज. नानाजींनी आपलं बोट त्या चंदेरी, चपट्या ढिगाकडे नेलं. "हे पापलेट का जी?"

"मंग काय कपाशीची पऱ्हाटी होय?" सुभद्राबाई म्हणाल्या. "मुंबईकडचा माल आहे. किती देऊ?"

"एक किलो."

त्यांनी तराजूत टाकायला सुरुवात केली. चार टाकले, सहा टाकले, आठ टाकले. नानाजींचं हसू हळूहळू कमी होत होतं. बारावा पडला तेव्हा काटा बरोबर आला.

"बारा?" नानाजी म्हणाले.

"आता असेच येऊन राहिले. काय करता?"

"पैले किती बसत?"

सुभद्राबाईंनी सुरी खाली ठेवली. हा प्रश्न त्यांना कुणीतरी विचारावा अशी त्या बरेच दिवस वाट बघत असाव्यात. "माझी सासू बसे इथं तेव्हा चार बसत. मी लागली तेव्हा पाच. पाच वर्सांआधीपर्यंत सहा-सात तरी होते. हा असा," त्यांनी आपला तळहात बोटांसकट पसरला. "आता पाहा न, लेकरं आहेत ही. तव्यात टाकली का नुसता काटा हाती येते. किलो म्हणजे किलोच भरते, पण मासा कुठं राहिला त्याच्यात?"

एक मासा नानाजींनी हातात घेतला, तो त्यांच्या तळहातात पुरता मावला आणि बोटं मोकळी राहिली. मग तो परत ठेवला आणि माझ्याकडे वळले. चेहरा असा झाला होता की मला वाटलं ऊन लागलं.

"बाई, मी हिरवं पीक तोललं," ते म्हणाले.

घरी येऊन त्यांनी पाण्याचा तांब्या एका दमात संपवला आणि मग मला आणि शामलाताईंना समोर बसवून सांगितलं. वावरात कापणी पीक पिकल्यावरच होते. हिरवी ज्वारी कुणी कापतच नाही, त्यामुळे ती पिकली की नाही हे विचारायची सवयच त्यांना नव्हती. दाणे मोजायचे नसतात, वजन करायचं असतं. चौतीस वर्षं त्यांनी वजन केलं आणि ते खरं निघालं. समुद्राचंही त्यांनी वजनच मागितलं. पण दर्यात जाळ्याची भोकं बारीक केली की पिकलेलं, न पिकलेलं सगळंच वर येतं. वजन जवळपास तेवढंच, पण आधी त्यात चारशे मासे होते, आता आठशे. ज्यांनी अजून एकदाही अंडी घातलेली नाहीत, असे. पुढच्या सालचं बियाणं काट्यावर चढत होतं आणि नानाजी त्याला भरघोस पीक समजून पंच्याहत्तर पैसे देत होते.

"पण एका टोपलीवरून सांगता येत नाई," ते लगेच म्हणाले. माणूस घाबरला तरी पद्धत सोडणारा नव्हता. तक्त्यातून सहा होड्यांचे नंबर काढले आणि अपेक्षाला फोन केला. हंगामाचे शेवटचे तीन दिवस उरले होते. दुसऱ्या दिवशी पोरीनं बँकेत जायच्या आधी सकाळी बंदरावर जाऊन त्या सहा होड्यांवरचं एकेक किलो मोजलं. अकरा, तेरा, दहा, बारा, बारा, चौदा.

दुपारी विश्वनाथ तांडेलांचा व्हिडिओ कॉल आला. रुंद चेहरा, मागे नांगरलेल्या होड्या. नानाजींनी आडवळणानं काही सांगितलं नाही. आकडा चुकला आहे, न पिकलेलं वगळून पुन्हा हिशेब केला, म्हणाले. दोन हजार नाही, आठशे. आणि जाळी मोठ्या भोकांची, ज्यातून छोटं निसटून जाईल.

विश्वनाथ म्हणाले, "मासा बारीक झालाय हे आम्हाला माहीत आहे, नानाजी. रोज हातात धरतो आम्ही."

"मंग सांगितलं काहून नाई?"

"तुम्ही विचारलं नाही. आणि खरं सांगू? मला वाटलं, आधी मर्यादा तर येऊ दे. मोठी तर मोठी. दोन हजारांवर चाळीसच्या चाळीस सह्या करतायत. आठशे म्हटलं तर सभा उधळेल, मग काहीच राहणार नाही. तुम्ही गप्प राहा. पुढच्या वर्षी कमी करू."

फोन ठेवल्यावर शामलाताई स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. हात ओले होते. "मी एक विचारू का?" त्या म्हणाल्या. "तवा तुमी आकडा बदलला नाई म्हणून मी तीन वर्सं जंगलात काढली. पोरीले ताप आला तर डॉक्टर नव्हता. अन् आता कोनी काही म्हणून नाई राहिलं, सगळे खूश आहेत, तर तुमी आपल्या मनानं बदलून राहिले? मंग त्या तीन वर्सांचं काय?"

मी उठायला लागले. अशा वेळी शेजारणीनं घरी जावं, एवढं मला कळतं. पण नानाजींनी हातानं बसा म्हटलं. मला त्यांची खरोखर दया आली. या माणसाकडे दाखवायला एकच गोष्ट होती आणि ती त्यांनाच मोडायची होती.

"शामला," शेवटी ते म्हणाले, "तवा वावर त्रेचाळीस म्हणत होतं, म्हणून मी त्रेचाळीस म्हटलं. आता दर्या आठशे म्हणून राहिला. मी तोच आहे वं."

शामलाताईंनी पदरानं हात पुसले. "मंग सांगून टाका," त्या म्हणाल्या, आणि आत जाऊन कुकर लावला.

सभेच्या रविवारी सकाळी अकराला नानाजींनी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला. माझ्या लॅपटॉपवर करंजबंदरचा हॉल दिसत होता, खच्चून भरलेला, बायका एका बाजूला. विश्वनाथनी ओळख करून दिली आणि खाली मान घालून बसले. नानाजी उभे राहिले. पडद्यावर त्यांचं फक्त पोट दिसायला लागलं, म्हणून मी त्यांना शर्ट ओढून खाली बसवलं.

"मी नानाजी निखाडे," ते म्हणाले. "मी तुमाले दोन हजार सांगितले. तो आकडा चुकीचा आहे. चूक माझी आहे. मी वजन पाहिलं, मासा नाई पाहिला. खरा आकडा आठशे."

पुढची पाच मिनिटं नुसता गोंगाट होता. कोकणी कोळी रागावल्यावर काय बोलतो ते नानाजींना निम्मं कळलं नाही, हे बरंच झालं. मला कळलं. मग एक दांडगा तरुण पुढे येऊन थेट कॅमेऱ्यात ओरडला, "तुम्ही म्हणे कुणाचं ऐकून आकडा बदलत नाही! मग आता कुणी दाबलं तुम्हाला? चेअरमननं? की मोठ्या ट्रॉलरवाल्यांनी? नाव सांगा!"

विश्वनाथनी मान वर केली.

"सुभद्राबाईनं," नानाजी म्हणाले.

"कोण सुभद्राबाई?"

"आमच्या बाजारात तुमचा मासा विकते. चाळीस वर्सं झाली. तिनं माझ्यासमोर किलोत बारा टाकले. तिच्या सासूच्या काळात चार बसत. तुमच्यात कोनी म्हातारी बाई असन तर तिले विचारा, तुमच्याकडे किती बसत."

बायकांच्या बाजूनं एक वाकलेली आजी, बसल्या जागेवरूनच, म्हणाली, "तीन. आमच्या वेळेला तीन बसायचे." शेजारची म्हणाली, "चार." मागून आणखी कुणीतरी पाच म्हटलं. बायकाच मासळी विकायला नेतात, मोजायचं काम त्यांचंच. एकदा बोलायला लागल्या त्या थांबेचनात. तो दांडगा तरुण "आई, तू गप," म्हणाला, त्यावरून त्याची आईही त्यांच्यात होती हे कळलं. ती अर्थातच गप बसली नाही.

मतं पडली. तेवीस होड्या आठशेच्या बाजूनं, सतरा विरोधात. ठराव एका हंगामापुरता, आणि रोज वजनाबरोबर किलोत किती मासे तेही वहीत चढवायचं. सतरांमधले किती पाळतील, देव जाणे. विश्वनाथ हात जोडून काहीतरी म्हणत होते, पण लाइट गेली आणि आमचा कूलर, वायफाय, सगळं बंद पडलं.

नानाजींनी लगेच तो फॉर्म काढला. दोन हजारांवर लाल पेनानं एक सरळ रेघ मारली, वर आठशे लिहिलं आणि शेजारी पूर्ण सही केली. नानाजी रुपराव निखाडे. मग कागद माझ्यापुढे सरकवला. "पंच दोन लागतात, बाई."

मी सही केली. वैदेही, निवृत्त शिक्षिका, शाकाहारी. शेवटचा शब्द मी रागानं लिहिला, कारण डोळे भरून आले होते आणि मला ते त्यांना दिसू द्यायचं नव्हतं. दुसऱ्या सहीसाठी सोमवारी पुन्हा स्कूटी निघाली. सुभद्राबाईंनी आधी हात धुतले, मग कागद उलटसुलट पाहिला आणि विचारलं, "मी काय केलं म्हणून सही?"

"तुमी मोजलं," नानाजी म्हणाले.

एकेक अक्षर कोरत त्यांनी सुभद्रा लिहिलं. कागदाला वास लागला तो अजून आहे. नानाजींनी त्याला प्लास्टिकच्या पिशवीत घालून कपाटात ठेवलं आहे. हल्ली दूधवाल्याला ते चौतीस वर्षांची बिनखाडाखोडीची गोष्ट सांगत नाहीत, हा कागद दाखवतात.

ऑगस्टपासून रोज सकाळी अपेक्षाचा मेसेज येऊ लागला. वजन नाही, किलोत किती मासे बसले तो नुसता एक नंबर. अकरा. अकरा. दहा. दिवाळीला नऊ. मोठ्या भोकांची जाळी आणलेल्या होड्या वाढल्या तसा आठ. माल कमी मिळतो म्हणून विश्वनाथना शिव्या बसत होत्या, त्याही मेसेजमधून यायच्या. शामलाताई तो नंबर स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर दुधाच्या नोंदीशेजारी लिहू लागल्या. आता त्यांना न सांगता कुणी कॅलेंडरला हात लावत नाही.

जानेवारीत नानाजींच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, धंतोलीतल्या दवाखान्यात. त्या सकाळी अपेक्षाचा मेसेज आला तेव्हा त्यांना आत नेलं होतं. दुपारी भूल उतरत होती, डोळे अर्धवट मिटलेले, ओठ हलत होते. "किती?" ते म्हणाले.

"दोन तास लागले, काका," नर्स म्हणाली. "सगळं छान झालं."

त्यांनी मान हलवली. नाही. "किती?"

शामलाताई खुर्चीतून उठल्या, वाकून त्यांच्या कानाशी गेल्या आणि बोलायला तोंड उघडलं, पण रडूच आलं. मग मीच सांगितलं. वर्गात शेवटच्या बाकापर्यंत जायच्या त्या आवाजात.

"सहा, नानाजी. आज सहा बसले."